सीझन सुरू होण्याआधीच टीम खाली जाणार हे ठरलं होतं? रग्बी लीगचा ‘ग्रेडिंग स्कोअर’ नेमका कसा चालतो

आपण रोज कुठल्या ना कुठल्या स्कोअरमध्ये अडकलेलो असतो. कर्ज हवं असेल तर सिबिल स्कोअर, कॉलेज हवं असेल तर सीईटीचा पर्सेंटाइल, कॅब बोलावली की ड्रायव्हर आपल्याला रेटिंग देतो आणि आपण त्याला. आज ज्या स्कोअरबद्दल बोलायचंय त्याने इंग्लंडमधल्या एका प्रोफेशनल क्लबचा अख्खा सीझन विचित्र करून टाकला. क्लबचं नाव लंडन ब्रॉन्कोज, खेळ रग्बी लीग, वर्ष २०२४.

रग्बी कधी पाहिलं नसेल तरी टेन्शन घेऊ नका. या लेखात खेळापेक्षा सिस्टम समजून घ्यायची आहे, आणि ती समजली की तुमच्या फोनमधले बरेच स्कोअरही समजतील.

आधी दोन मिनिटांत खेळ

रग्बीचे दोन मुख्य प्रकार आहेत: युनियन आणि लीग. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये जमले आणि मूळ संघटनेतून वेगळे झाले. कारण होतं पैशांचं. तिथले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत काम करायचे, मॅचसाठी कामावर खाडा केला की मजुरी बुडायची. ती भरपाई मिळावी अशी क्लबांची मागणी होती. त्या फुटीतून पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ तयार झाला.

लीगमध्ये प्रत्येक बाजूला १३ खेळाडू आणि ८० मिनिटांची मॅच. बॉल घेऊन पळायचं, समोरचे तुम्हाला कबड्डीतल्या पकडीसारखं धरून खाली पाडणार. सहा वेळा पकडले गेलात की बॉल समोरच्या टीमला. रेषेपलीकडे बॉल टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ४ गुण. त्यानंतरची किक गोलात गेली की आणखी २. एवढं पुरे.

इंग्लंडमधली सगळ्यात वरची स्पर्धा म्हणजे सुपर लीग. १९९६ साली सुरू झाली. २०२४ मध्ये तिच्यात १२ क्लब होते. तिच्या खालची पायरी म्हणजे चॅम्पियनशिप.

जुना नियम: शेवटचा खाली, जिंकणारा वर

आपल्याकडे आयपीएलमध्ये टीम सलग तीन वर्षं शेवटची आली तरी पुढच्या वर्षी परत खेळते. इंग्लंडमध्ये तसं चालत नाही. २०२३ पर्यंत नियम साधा होता: सुपर लीगमध्ये जो शेवटचा येईल तो खाली जाईल आणि चॅम्पियनशिपची फायनल जिंकणारा वर येईल.

प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर ही एका ओळीची अट आहे. इनपुट एकच: पॉइंट्स टेबल. लहान पोरालाही कळेल असा नियम.

२०२३ मध्ये या नियमाने वेकफील्ड ट्रिनिटी खाली गेली. वर कोण आलं? लंडन ब्रॉन्कोज. आणि ते ज्या पद्धतीने वर आले त्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. त्यांची टीम तेव्हा पार्ट-टाइम होती. सेमीफायनलमध्ये त्यांनी टेबलमध्ये पहिल्या नंबरावर असलेल्या फेदरस्टोनला हरवलं, आणि १५ ऑक्टोबर २०२३ रोजी फायनलमध्ये फ्रान्सच्या तुलूझ क्लबला त्यांच्याच मैदानावर १८-१४ ने.

आता सेलिब्रेशन व्हायला हवं होतं ना? झालंही. पण त्याच महिन्यात एक यादी जाहीर झाली आणि सगळा मूडच बदलला.

नवा नियम: २० पैकी किती?

२०२२ मध्ये इंग्लंडच्या रग्बी लीगने आयएमजी या मोठ्या स्पोर्ट्स कंपनीबरोबर १२ वर्षांचा करार केला. खेळ आर्थिकदृष्ट्या तगडा कसा करायचा हे आयएमजीने सुचवायचं होतं. त्यांच्या मुख्य सूचनांपैकी एक म्हणजे ‘ग्रेडिंग’. क्लबांनीच मतदान करून ती मंजूर केली. २०२४ च्या सीझननंतर कोण वर आणि कोण खाली हे पॉइंट्स टेबलवरून ठरणार नव्हतं, या ग्रेडिंगवरून ठरणार होतं.

प्रत्येक क्लबला २० पैकी स्कोअर मिळतो. तो पाच भागांत विभागलेला आहे:

१. फॅन्स – ५ गुण. मैदानात किती लोक येतात, टीव्हीवर किती जण बघतात, वेबसाइट आणि सोशल मीडियावर क्लबची ताकद किती.

२. खेळातली कामगिरी – ५ गुण. गेल्या तीन वर्षांत क्लब कितव्या नंबरावर आला ते. मोठी ट्रॉफी जिंकली तर थोडा बोनस.

३. आर्थिक स्थिती – ४.५ गुण. क्लब स्वतःच्या जोरावर किती कमावतो, ताळेबंद कसा आहे, मालक किती पैसे घालतो.

४. स्टेडियम – ३ गुण. सोयीसुविधा कशा आहेत, किती टक्के खुर्च्या भरतात, मैदानावर क्लबचा हक्क किती पक्का आहे.

५. समाज आणि परिसर – २.५ गुण. क्लबच्या भागाची लोकसंख्या आणि क्लबच्या संस्थेचं सामाजिक काम.

१५ किंवा जास्त गुण मिळाले तर ग्रेड ए. ग्रेड ए म्हणजे सुपर लीगमधली जागा पक्की, मग टेबलमध्ये शेवटचे आलात तरी. ७.५ ते १५ च्या मधले ग्रेड बी. ए ग्रेडवाले बसल्यानंतर ज्या जागा उरतील त्या बी ग्रेडमधल्या जास्त स्कोअरवाल्यांना. ७.५ च्या खाली ग्रेड सी.

लक्षात आलं का? मैदानावर जिंकणं म्हणजे एकूण स्कोअरचा फक्त चौथा हिस्सा. आणि फॅन्सनाही तेवढंच वजन. तुम्ही क्लबचं पेज फॉलो करता तेही कुठेतरी या गणितात मोजलं जातं.

लंडनचं गणित करून बघू

ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्या क्लबांचे नमुना स्कोअर जाहीर झाले. नियम अजून लागू झाला नव्हता. आज लागू असता तर कोण कुठे असतं, एवढंच त्यातून दिसणार होतं. सॉफ्टवेअरवाले याला टेस्ट रन म्हणतील.

लंडनचा स्कोअर आला ८.०७. नंबर २४ वा.

आता आकडेमोड करा. ग्रेड एसाठी १५ हवेत, म्हणजे ६.९३ गुण कमी. कामगिरीच्या भागात एकूण गुणच ५ आणि हिशोब तीन वर्षांचा. म्हणजे एका सीझनचा वाटा ढोबळमानाने ५ भागिले ३, साधारण १.६७. समजा लंडनने २०२४ मध्ये चमत्कार केला आणि टेबलमध्ये वरचा नंबर काढला, तरी त्या एका भागातून मिळून मिळून दीड-पावणेदोन गुण आणि वर बोनसचं थोडंफार. बाकीची भर गर्दी, कमाई आणि स्टेडियम यांतून घालावी लागणार. ती एका वर्षात होत नाही. लंडन विम्बल्डनमधल्या प्लाऊ लेनवर खेळतं, आणि ते मैदान एएफसी विम्बल्डन या फुटबॉल क्लबचं आहे. भाडेकरूने घराचं रिनोव्हेशन करून किती गुण मिळवायचे?

थोडक्यात, पहिली मॅच खेळण्याआधीच सगळ्यांना दिसत होतं की ही टीम वर्षभरात परत खाली जाणार.

मग २०२४ चा सीझन कसा गेला?

कोच माइक एक्लेस यांच्या हाताखाली लंडनने २७ मॅच खेळल्या. ३ जिंकल्या, २४ हरल्या. आकडा वाईट आहे, मान्य. पण हल एफसी हा मोठा, जुना, भरपूर चाहते असलेला क्लबसुद्धा त्या वर्षी फक्त ३ मॅच जिंकला. दोघांचे टेबलमध्ये ६-६ गुण. लंडन शेवटचं आलं ते फक्त गुणफरकाने.

सीझन संपल्यावर खरा स्कोअर आला. लंडन ८ वरून १२ च्या वर गेलं होतं. एका वर्षातली ही उडी छोटी नाही. तरी पहिल्या बारांत जागा मिळाली नाही. खाली गेलेली वेकफील्ड मात्र परत वर आली. त्यांनी मधल्या वर्षात काय केलं ते बघण्यासारखं आहे: नवा मालक आला, स्टेडियमचा नवा स्टँड उभा राहिला, गर्दी वाढली आणि चॅम्पियनशिपही जिंकली. स्कोअर १५ च्या पुढे, ग्रेड ए.

आता इथे थांबून एक प्रश्न. जुना नियम असता तर काय झालं असतं? लंडन शेवटचं, म्हणून खाली. वेकफील्ड चॅम्पियनशिपची विजेती, म्हणून वर. उत्तर तेच! मग एवढी बोंबाबोंब कशासाठी?

निकाल तोच, पण तो कधी कळला?

माझ्या मते सगळी गंमत आणि सगळा त्रास इथेच आहे. जुन्या नियमात शेवटच्या मॅचपर्यंत जीव अडकलेला असतो. ‘एक मॅच काढली तर वाचू’ ही आशा असते. त्या आशेवर तिकिटं विकली जातात, स्पॉन्सर पैसे टाकतो, चांगला खेळाडू दोन वर्षांचा करार करतो.

लंडनच्या बाबतीत ती आशाच काढून घेतली गेली. पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये जाणार हे माहीत असताना मालकाने महागडे खेळाडू का घ्यावेत? खेळाडूने तरी का यावं? आणि खेळाडू आले नाहीत की टीम हरते, हरली की गर्दी कमी, गर्दी कमी की स्कोअर कमी. याला फीडबॅक लूप म्हणतात. स्कोअरने फक्त भविष्य सांगितलं नाही, ते घडवायलाही हातभार लावला.

दुसरी बाजूही ऐका. जुन्या नियमात खाली जायच्या भीतीने क्लब सगळा पैसा खेळाडूंवर उधळायचे. स्टेडियमची गळकी छपरं तशीच राहायची, हिशोबाची बोंब असायची. ग्रेडिंग आल्यावर क्लबांना बाथरूमपासून वेबसाइटपर्यंत लक्ष द्यावं लागलं. वेकफील्ड हे त्याचं चांगलं उदाहरण. त्यामुळे ‘अल्गोरिदम वाईट, माणूस चांगला’ इतकं हे सोपं नाही.

मोजमापच टार्गेट बनलं तर?

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. सोप्या मराठीत: एखादं मोजमाप जेव्हा टार्गेट बनतं, तेव्हा ते चांगलं मोजमाप राहत नाही. लोक मूळ गोष्ट सुधारण्याऐवजी आकडा सुधारायला लागतात.

शाळेत हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मार्कांसाठी अभ्यास सुरू झाला की विषय बाजूला आणि ‘मोस्ट इम्पॉर्टंट’ प्रश्नांच्या झेरॉक्स समोर. सोशल मीडियाचे आकडे तर वाढवायला त्याहून सोपे. म्हणून चांगली सिस्टम एकाच आकड्यावर अवलंबून राहत नाही, बरेच आकडे एकत्र घेते. ग्रेडिंगमध्ये पाच भाग आहेत त्याचं एक कारण हेच. पण भाग वाढले की दुसरी अडचण येते: सामान्य चाहत्याला आपला क्लब का खाली गेला हे एका वाक्यात सांगताच येत नाही. पॉइंट्स टेबल सगळ्यांना कळतं. ८.०७ कुणाला कळणार?

पुढे काय झालं?

२०२५ मध्ये लंडन ब्रॉन्कोजला नवे मालक मिळाले. त्या गटात ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार डॅरेन लॉकयर आहे. २०२६ पासून सुपर लीग १४ क्लबची करायचं ठरलं, आणि इथे एक इंटरेस्टिंग बदल झाला: १२ जागा स्कोअरवरून आणि उरलेल्या २ जागा स्वतंत्र पॅनेलच्या निर्णयावरून. म्हणजे अल्गोरिदमच्या जोडीला माणसं बसवली. लंडननेही अर्ज केला, पण पॅनेलने यॉर्क आणि तुलूझ यांना निवडलं. तर माणसं आली म्हणून लंडनचं नशीब बदललं असंही झालं नाही.

तुमच्यासाठी चार प्रश्न

कुठलाही स्कोअर समोर आला, मग तो ३०० ते ९०० मधला सिबिल असो की डिलिव्हरी ॲपमधलं रेटिंग, हे चार प्रश्न विचारा:

– यात काय काय मोजलं जातं आणि कशाला किती वजन आहे?
– किती जुना डेटा धरला जातो? लंडनला तीन वर्षांचा इतिहास नडला, तसा जुना थकलेला हप्ता आपल्याला नडू शकतो.
– कट-ऑफ कुठे आहे? १४.९९ आणि १५ मध्ये फरक ०.०१ चा, पण परिणाम जमीन-अस्मानाचा.
– आणि सगळ्यात महत्त्वाचं: आज मी मेहनत केली तर स्कोअर कधी हलेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘तुझ्या हातात असलेल्या वेळेत नाही’ असं असेल, तर तो स्कोअर माणसाला सुधारत नाही, फक्त त्याच्यावर शिक्का मारतो. लंडनच्या खेळाडूंनी तरीही २७ मॅच पूर्ण खेळल्या आणि त्यातल्या ३ जिंकल्या. त्या ३ विजयांचे गुण टेबलमध्ये आहेतच, ग्रेडिंगमध्ये त्यांचं मोल किती झालं ते तुम्ही आता स्वतः काढू शकता.

तुम्हाला काय वाटतं, टीम मैदानावरच्या निकालाने वर-खाली व्हावी की अशा स्कोअरने? मित्रांच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकून बघा, वाद नक्की रंगेल!