लोणारचे विवर : अग्नीचे की आकाशाचे?

वऱ्हाडच्या काळ्या, सपाट मुलुखातून लोणार या कसब्याकडे येणाऱ्या प्रवाशाला पुढे भूमीस केवढे भगदाड पडले आहे याची शंकाही येत नाही. काठाच्या लहानशा चढणीवर पाऊल टाकावे आणि सुमारे १,८०० मीटर व्यासाचे, दीडशे मीटरांच्या आसपास खोल आणि तळाशी हिरवट खारे पाणी असलेले वर्तुळ एकाएकी दृष्टीस पडावे, असा येथला प्रकार आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला तो येथेच, अशी स्थलपुराणाची ग्वाही असून गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेशी निगडित आहे. अबुल फजलाने मात्र ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारच्या पावित्र्याबरोबरच काच आणि साबण यांना लागणाऱ्या येथील द्रव्यांचीही दखल घेतली, दरबारी लेखकाला ते शोभणारेच होते.

१८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने हे सरोवर पाहिल्यापासून पुढे शतकभर विद्वानांचा कौल बहुधा भूगर्भाच्या बाजूने पडत राहिला. कोणी ज्वालामुखीचे मुख म्हटले, कोणी कोंडलेल्या वाफेचा स्फोट मानला, तर कोणी जमीन खचली असे प्रतिपादिले. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण ज्या दख्खनच्या पठाराचा खडक न् खडक लाव्हारसाचा आहे, तेथील खड्ड्याचा जाब आकाशाला विचारणे कोणाला सुचावे? ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने तर १८९६ मध्ये अ‍ॅरिझोनातील विवराची मीमांसा करताना लोणारचे साम्य हेरले, आणि ते विवर वाफेच्या स्फोटाने झाले असा निर्णय दिला. आज ही दोन्ही विवरे अशनिपातजन्य म्हणूनच ओळखली जातात.

ज्वालामुखीच्या पक्षाला पहिली अडचण काळाची होती. येथला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवराचा काठ पाहावा तर अद्याप रेखीव. शिवाय विवरातून नव्याने लाव्हा वाहिल्याची खूण कोठेच नाही. काठावरील थर वर उचलून बाहेरच्या बाजूस कललेले आहेत हे खरे, परंतु वाफेच्या स्फोटानेही थर उचलले जातील. तेवढ्या पुराव्यावर दावा निकालात निघणारा नव्हता.

निकाल लागला तो कणभर स्फटिकांवर. सरोवराच्या तळाला वेध घेतले असता गाळाच्या सुमारे शंभर मीटर थराखाली भग्न बेसाल्टाचा चुरा लागला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार हे खनिज न वितळताच, केवळ आघाताच्या प्रचंड दाबाने, काचरूप झाले म्हणजे ते मॅस्केलिनाइट होते. एवढा दाब कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ‘सायन्स’मध्ये हा पुरावा मांडला, आणि बेसाल्टात पडलेले हे दुर्मिळ विवर चंद्राच्या अभ्यासकांनाही तुलनेसाठी मोलाचे वाटू लागले.

वयाचा तंटा तेवढा उरला आहे. तप्तदीप्तीच्या पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघाली, अरगॉनच्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. जुन्या खडकातील अरगॉन नव्या काचेत अडकून राहिल्यास वय फुगते खरे, पण दुसऱ्या पक्षाने तो दोष हिशेबात धरूनच आपला आकडा दिला आहे. म्हणून तूर्त माझा कल मोठ्या आकड्याकडे आहे.