हौशी पक्षीनोंदींचे जतन (भारत)

हौशी पक्षीनोंदींचे जतन म्हणजे व्यावसायिक शास्त्रज्ञ नसलेल्या निरीक्षकांनी छंद म्हणून केलेल्या पक्ष्यांच्या नोंदी पुढील पिढ्यांना वापरता येतील अशा स्वरूपात संकलित करणे, तपासणे व सांभाळणे. भारतात या कार्याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. भारतीय पक्षीशास्त्राचा मोठा भाग सनदी अधिकारी, लष्करी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी व शिक्षक यांनी फावल्या वेळात केलेल्या निरीक्षणांवर उभा आहे. या निरीक्षणांपैकी जी टिकली ती सर्वच उत्तम होती असे नाही. जी नष्ट झाली त्यांतील काही अतिशय मोलाची होती. नोंद टिकणे अथवा न टिकणे हे निरीक्षकाच्या विद्वत्तेपेक्षा नोंदीच्या मांडणीवर व ती कोठे ठेवली यावर अधिक अवलंबून राहिले आहे.

ह्यूम यांचे जाळे

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) हे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून सर्वपरिचित आहेत. त्याआधी ते हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या पक्षीसंग्रहाचे मालक होते. १८६७ पासून अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त या नात्याने त्यांना मिठावरील कराच्या नाकेबंदीसाठी दूरवर प्रवास करावा लागे. या फिरतीत त्यांनी ठिकठिकाणच्या हौशी निरीक्षकांशी पत्रव्यवहार जोडला. त्यांच्या नोंदींना जागा मिळावी म्हणून त्यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. १८७४ मध्ये त्यांनी पक्षी, अंडी व घरटी कशी गोळा करावीत, कशी टिकवावीत व कशी बांधून पाठवावीत याविषयी एक लहान मार्गदर्शक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. नियतकालिकाच्या तुलनेत ही पुस्तिका दुर्लक्षित राहिली असली, तरी तिचे महत्त्व कमी नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी पाठवलेल्या नमुन्यांची तुलना करता येण्यासाठी ते एकाच रीतीने तयार केलेले असणे आवश्यक होते.

ह्यूम यांना हिंदुस्थानातील पक्ष्यांवर एक सर्वंकष ग्रंथ लिहावयाचा होता. त्यासाठी अनेक वर्षे साठवलेली हस्तलिखिते सिमल्यातील त्यांच्या ‘रॉथनी कॅसल’ या घरी होती. १८८४-८५ च्या सुमारास, ते घरी नसताना, एका नोकराने ती बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. ग्रंथाचा संकल्प तेथेच संपला. ह्यूम यांनी आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पक्ष्यांची कातडी व अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने देवदाराच्या ४७ पेट्यांतून रवाना झाले.

या दोन घटना शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. हस्तलिखिताची एकच प्रत होती, ती एकाच घरात होती आणि तिचे मोल एकाच माणसाला ठाऊक होते. नमुन्यांच्या बाबतीत मात्र ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले लेबल प्रत्येक पक्ष्याच्या पायाला बांधलेले होते. ‘स्ट्रे फेदर्स’मधील मजकूर तर छापून अनेक ग्रंथालयांत पोहोचलेला होता. ह्यूम यांच्या आयुष्यभराच्या कामातून पुढील अभ्यासकांच्या हाती लागला तो मुख्यतः हा छापलेला व लेबल लावलेला भाग.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ रहिवाशांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांपैकी दोघे भारतीय होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. दरमहा भेटून टिपणांची देवाणघेवाण करावी व मिळालेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच आरंभीचा हेतू होता. पहिल्या बैठका व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. पुढे मद्यव्यापारी एच. एम. फिप्सन यांच्या फोर्ब्स स्ट्रीटवरील दुकानाच्या जागेत संस्थेला आसरा मिळाला.

जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे जर्नल निघाले. ई. एच. एटकन व आर. ए. स्टर्नडेल हे त्याचे पहिले संपादक होते. या जर्नलमधील दीर्घ लेखांइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक, उपयोगाचे ठरले ते त्यातील संकीर्ण टिपणांचे सदर. अमुक पक्षी अमुक गावी अमुक दिवशी दिसला, एवढ्याच आशयाची अर्ध्या पानाची टिपणे त्यात येत. असे एखादे टिपण सुटे वाचल्यास किरकोळ वाटते. पण एखाद्या जातीचा पूर्वीचा आढळ ठरवावयाचा झाल्यास याच टिपणांकडे वळावे लागते. संपादकांनी ती क्षुल्लक म्हणून नाकारली नाहीत, ही त्यांची दूरदृष्टी म्हणावी लागेल.

संस्थेच्या संग्रहाचा नवशिक्यांनाही उपयोग झाला. १९०८ मध्ये सालिम अली या मुंबईतील मुलाने एअरगनने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी ओळखून घेण्यासाठी संस्थेत आणली. तत्कालीन सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती ओळखली व त्याला संग्रहातील पक्षी दाखवले. पुढे तोच मुलगा भारताचा सर्वांत ख्यातनाम पक्षीशास्त्रज्ञ झाला.

रानपिंगळ्याचे प्रकरण

नोंदीतील ठिकाण व तारखेला किती महत्त्व असते याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातील आहे. रानपिंगळा हे एक लहान घुबड असून ते नेहमीच्या पिंगळ्यासारखे दिसते. मात्र त्याच्या डोक्यावर ठिपके फारच कमी असतात आणि ते दिवसाही सक्रिय असते. त्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात मिळवला. पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून जातीला ब्लेविट यांचे नाव दिले. १८८० च्या दशकाच्या आरंभी खानदेशात नेमणुकीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी तेथे या पक्ष्याचे आणखी काही नमुने मिळवले. त्यानंतर तो दिसेनासा झाला.

अपवाद होता एका नमुन्याचा. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन (१८७८–१९६७) या प्रसिद्ध ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहातील एका रानपिंगळ्यावर ‘मांडवी, १९१४’ असे लेबल होते. मांडवी हे गुजरातमध्ये तापीकाठी आहे. सर्वांत अलीकडची नोंद तीच असल्याने तिच्यावर विसंबून गुजरातच्या बाजूला शोध घेतला गेला आणि तो निष्फळ ठरला.

१९९० च्या दशकात अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. प्रत्येक संग्राहकाची कातडी सोलण्याची व भरण्याची स्वतःची धाटणी असते. क्ष-किरण व इतर तपासण्यांवरून असे दिसले, की हा पक्षी मूळचा डेव्हिडसन यांनी तयार केलेला असून नंतर तो उकलून पुन्हा भरण्यात आला होता. माइनर्ट्झहागेन यांनी तो संग्रहालयातून उचलून त्यावर स्वतःचे खोटे लेबल लावले होते. त्यांच्या संग्रहातील इतर अनेक नोंदीही अशाच बनावट निघाल्या.

मांडवीची नोंद बाद झाल्यावर खरी ठिकाणे तेवढी उरली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील जुन्या ठिकाणी शोध घेतला. तेथे काही न मिळाल्याने ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर, म्हणजे १८८४ नंतर, ११३ वर्षांनी ही जाती पुन्हा सापडली. पुढे ती मेळघाटात, मध्य प्रदेशात आणि २०१४ मध्ये मुंबईनजीकच्या तानसा अभयारण्यातही आढळली.

या प्रकरणात फसवणूक एका हौशी संग्राहकाने केली आणि ती उघडकीस आली ती दुसऱ्या हौशी संग्राहकाने प्रामाणिकपणे केलेल्या कामामुळे. मूळ नमुना जपून ठेवलेला नसता, केवळ ‘मांडवी, १९१४’ एवढी छापील ओळ उरली असती, तर ती खोटी ठरवणे जवळजवळ अशक्य होते.

नावांचा प्रश्न

नोंदी एकत्र आणताना नावांचा गोंधळ होतो. भारद्वाज, कुंभारकावळा व सोनकावळा ही तीनही नावे एकाच पक्ष्याची आहेत. उलट एकच स्थानिक नाव निरनिराळ्या भागांत भिन्न पक्ष्यांना दिलेले आढळते. शास्त्रीय नावेही स्थिर नसतात. ह्यूम यांनी रानपिंगळ्याला स्वतंत्र प्रजातीत ठेवले होते. नंतर त्याला पिंगळ्याच्याच प्रजातीत गणले जाऊ लागले. अशा वेळी जुनी नोंद नव्या नावाशी जोडून देणारा दुवा लागतो. मराठी नावांबाबत मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ने ही गरज मोठ्या प्रमाणात भागवली.

संगणकीय संकलन

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने व ऑड्युबॉन सोसायटीने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘ई-बर्ड’ या माहितीसंचात आज बहुतेक भारतीय हौशी नोंदी जमा होतात. ठिकाण, तारीख, वेळ व निरीक्षणाचा कालावधी दिल्यावर यादी पूर्ण होते. शिवाय, दिसलेल्या व ओळखता आलेल्या सर्व जाती नोंदवल्या का, हेही विचारले जाते. वरवर हा प्रश्न औपचारिक भासतो; परंतु यादी संपूर्ण असेल तरच एखादा पक्षी तिच्यात नसणे अर्थपूर्ण ठरते. केवळ दुर्मीळ पक्षी टिपणाऱ्या वहीवरून चिमण्या घटल्या की वाढल्या हे सांगता येत नाही. असंभाव्य वाटणाऱ्या नोंदी त्या त्या प्रदेशाची माहिती असलेले स्वयंसेवक तपासतात व छायाचित्र किंवा वर्णन मागतात.

भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १५,५०० हून अधिक निरीक्षकांच्या १ कोटीहून अधिक नोंदींवरून ८६७ जातींचा विचार करण्यात आला. २०२३ च्या अहवालात जातींची संख्या ९४२ झाली आणि नोंदी ३ कोटींवर गेल्या.

निरीक्षक शहरांभोवती एकवटलेले असल्याने दुर्गम भागांतून याद्या कमी येतात. संकटग्रस्त पक्ष्यांची नेमकी ठिकाणे उघड झाल्यास शिकारी व उतावीळ छायाचित्रकार तेथे पोहोचण्याची भीती असते. म्हणून काही जातींच्या नोंदी जनतेपासून राखून ठेवल्या जातात. घरोघरी पडून असलेल्या जुन्या निरीक्षणवह्यांचे संकलन अद्याप व्हावयाचे आहे. छापील साहित्याची स्थिती त्या मानाने चांगली आहे. ‘स्ट्रे फेदर्स’चे खंड आता ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य उपलब्ध असून, डेव्हिडसन यांनी केलेली पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी त्यांतच वाचावयास मिळते.