दाराआडचा पाहुणा

2021 सालच्या मार्च महिन्याच्या आरंभींची गोष्ट. कोंकणांतील आमच्या जुन्या घराच्या माडीवरील दोन खोल्या आम्ही प्रवाशांस चार-आठ दिवसांच्या बोलीनें भाड्यानें देतों. शहरांतील एक कुटुंब हवापालटासाठीं म्हणून येऊन उतरलें. तिसऱ्या दिवशीं बोलण्याच्या ओघांत बाहेर पडलें कीं, त्यांच्या घरीं एकास कोरोना झालेला असून त्याच्यापासून दूर राहण्यासाठींच ही मंडळी आली होती. आम्हां घरच्या माणसांस कांहीं झालें नाहीं. परंतु त्यांच्या खोल्या झाडणारी आणि चादरी धुणारी आमची बाई आठ दिवसांच्या आंत अंथरुणास खिळली व तिच्यामागून तिची लहान मुलगी. दोघी बऱ्या झाल्या हें नशीब. पण भाडें आमच्या पदरीं पडलें आणि दुखणें तिच्या, ही बोच अजून गेलेली नाहीं.

पुढें महिनाही लोटला नसेल तोंच एका तरुण गृहस्थाचा फोन आला. त्याचा सहकारी आजारी पडला होता. स्वतःची प्रकृति ठीक होती, पण घरीं वृद्ध आईवडील आणि राहण्यास दोनच खोल्या. "चौदा दिवस वेगळें राहावयाचें आहे, जागा मिळेल काय?" असें त्यानें सरळ विचारलें. आमच्या घरांत अर्थातच दोन पक्ष पडले. "एकदां हात पोळले तेवढे पुरे," असें यजमानांचें मत. सासूबाई मात्र म्हणाल्या, "ज्यांनीं लपविलें त्यांस आपण जेवूं घातलें, आणि हा खरें सांगतो म्हणून त्याला दार लावायचें?" ह्या प्रश्नास उत्तर सुचेना. शेवटीं आम्ही बाईस विचारलें. ती म्हणाली, "येऊं द्या, पण मी वर जाणार नाहीं." तिची अट मान्य करून आम्ही त्या गृहस्थास होकार कळविला.

वेगळें ठेवण्याची ही रीत कांहीं आजची नव्हे. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा नगरानें 1377 सालीं प्लेगच्या मुलखांतून येणारांस 30 दिवस गांवाबाहेर थांबविण्याचा कायदा केला. पुढें ही मुदत 40 दिवसांची झाली, आणि चाळीस ह्या अर्थाच्या इटालियन शब्दावरूनच 'क्वारंटीन' हें नांव पडलें. आपल्याकडे 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला व 1897 सालीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच कायद्याचा आधार महाराष्ट्र सरकारनें मार्च 2020 मध्यें पुन्हां घेतला आणि घरीं वेगळें राहणारांच्या डाव्या हातावर शिक्के मारिले. त्या वर्षींच्या गणेशोत्सवांत चाकरमान्यांनीं किती दिवस वेगळें राहावें ह्यावरून कोंकणांत किती वादळ उठलें, तें वाचकांस स्मरत असेलच.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. रोग्याच्या सहवासांत आलेला, परंतु सध्यां निरोगी असलेला मनुष्य निराळा, आणि प्रत्यक्ष रोगी निराळा. पहिल्यास खोली देतां येते. दुसऱ्यास आधीं डॉक्टर पाहिजे. ज्यास श्वास लागत आहे किंवा ग्लानि येत आहे, त्याची जागा रुग्णालयांतच. म्हणून होकार देण्यापूर्वीं रोग कोणता, सहवास कोणत्या दिवशीं झाला, गरज पडल्यास कोणत्या डॉक्टरांस बोलवावयाचें व घरचें कोण धांवून येईल, हें स्पष्ट विचारावें. त्यांत संकोच कसला? मुदत वाढल्यास भाडें काय पडेल, हेंही आधींच लिहून ठेवावें. आजाऱ्याशीं पैशाची घासाघीस करण्याचा प्रसंग फार लाजिरवाणा असतो.

जिना, न्हाणीघर व शौचकूप स्वतंत्र नसेल, तर मात्र नम्रपणें नकारच द्यावा. तेथें भिडेस बळी पडूं नये. आमच्या माडीस बाहेरून जिना होता म्हणून निभावलें. जेवणाचें ताट जिन्याच्या पायरीवर ठेवून हांक मारावी व आपण खालीं यावें. भांडीं, झाडू आणि कपडे धुण्याचा साबण त्याच्याच खोलींत द्यावा. खिडक्या दिवसभर उघड्या असाव्यात, कारण असे बहुतेक रोग कोंदट हवेंत फैलावतात. ग्रामपंचायतीस आधीं कळवावें. शेजाऱ्यांस दुसऱ्याकडून कळल्यास संशय वाढतो. पाहुणा गेल्यावर एक दिवस दारें-खिडक्या उघडीं टाकून मगच तोंडास मुसकें बांधून झाडलोट करावी, आणि चादरी कढत पाण्यांत धुवाव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेनें 5 मे 2023 रोजीं कोरोनाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. ते शिक्के आणि ते सक्तीचे चौदा दिवस आतां गेले. परंतु कांजिण्या, गोवर, फ्लू हे घरोघरचे पाहुणे कोठें गेले आहेत? 2022 सालच्या अखेरीस मुंबईंत गोवराची सांथ आलीच होती. गोवराच्या रोग्यानें खोली सोडल्यावरही त्याचे जंतु दोन तासांपर्यंत हवेंत राहूं शकतात. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत तो रोग दुसऱ्यास लागूं शकतो, आणि गरोदर स्त्रीस तर तो विशेष धोक्याचा. घरांत सून गरोदर असेल किंवा लस न टोंचलेलें तान्हें मूल असेल, तर असा पाहुणा न घेणें हाच धर्म.

तो तरुण गृहस्थ चौदा दिवस राहिला आणि निरोगी परत गेला. रोज संध्याकाळीं तो माडीच्या खिडकींतून व सासूबाई अंगणांतील तुळशीजवळून एकमेकांची विचारपूस करीत. जातांना भाड्याव्यतिरिक्त त्यानें एक पाकीट बाईच्या नांवानें ठेविलें. तें घेतांना ती म्हणाली, "ह्यांनीं आधीं सांगितलें, हेंच पुष्कळ झालें." पाहुण्यानें खरें सांगावें आणि यजमानानें तें ऐकून घेण्याइतकें मन मोठें ठेवावें, मात्र तें मोठें मन दुसऱ्याच्या जिवावर असूं नये.