‘सदर’ शब्दाचा अर्थविस्तार

नागपुरातील ‘सदर’ हा भाग, वाड्यातील सदर, नियतकालिकातील सदर आणि सरकारी कागदांतील ‘सदर इसम’ या प्रयोगांत वरवर पाहता कोणतेच साम्य दिसत नाही. लिंगही एक नाही : वाड्यातील ‘ती’ सदर, नियतकालिकातील ‘ते’ सदर, तर ‘सदर इसम’ यातील सदर अविकारी विशेषण. तेव्हा कोशात हे भिन्न शब्द मानावेत की एकाच शब्दाचे अर्थ, असा प्रश्न उद्भवतो.

मूळ अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती. हा अवयववाचक अर्थ मराठीत रुजला नाही. हिंदीतील ‘सदरी’ या बिनबाह्यांच्या वस्त्राच्या नावात त्याची खूण आढळते. छाती हा शरीराचा पुढील भाग. त्यावरून अग्रभाग व अग्रस्थान हे अर्थ निघाले. फारसीत ‘सद्र’ म्हणजे बैठकीतील मानाची जागा. येथून अर्थाला दोन फाटे फुटले. एकात जागेवरून व्यक्ती सूचित झाली : मोगलांचा ‘सद्र-उस्-सुदूर’, तुर्कांचा ‘सद्रे आझम’, काश्मिरात १९६५ पर्यंत असलेले ‘सदर-ए-रियासत’ हे पद. मराठीने दुसरा, स्थानवाचक फाटा जोपासला. राजगडावरील सदर ही कारभाराची जागा. बंगालीतही ‘सदर’ हा घराचा दर्शनी भाग असून तो ‘अंदर’च्या विरुद्ध आहे.

अग्रस्थानावरून ‘मुख्य’ हा अर्थ सहजच येतो. कंपनी सरकारच्या ‘सदर दिवाणी अदालती’चे अधिकार १८६२ मध्ये मुंबई व कलकत्ता येथे उच्च न्यायालयांकडे गेले, परंतु छावण्यांतील ‘सदर बाजार’ सातारा, सोलापूर येथे नावाने टिकले. नागपूरचे ‘सदर’ याच मालिकेतील होय. तेथे ‘बाजार’ हे पद बोलण्यात गळून विशेषणच विशेषनाम झाले.

कागदालाही अग्रभाग असतो. त्यावरील मथळा ते सदर. म्हणून ‘खर्चाच्या सदराखाली’ आणि पुढे नियतकालिकातील नियत लेखनस्थान. कागदात वर आलेला तो ‘सदर’ किंवा ‘सदरहू’, म्हणजेच उपर्युक्त.

जर्मन ‘हाउप्ट’ या शब्दाची वाटचाल अशीच आहे. ‘मस्तक’ या अर्थी तो आज केवळ ग्रांथिक असून व्यवहारात ‘कोप्फ’ रूढ आहे. तथापि ‘हाउप्टश्टाट’, म्हणजे राजधानी, अशा समासांत तो ‘मुख्य’ या अर्थाने नांदतो. त्याचा सगोत्र इंग्रजी ‘हेड’ मात्र मस्तक, प्रमुख व मथळा हे तिन्ही अर्थ आजही वाहतो.

सारांश, लिंगभेद हा येथे शब्दभेदाचा पुरावा ठरत नाही. जागा आणि मथळा अशी अर्थाची विभागणी झाल्यावर व्याकरणाने ती केवळ नोंदविली. म्हणून कोशात नोंद एकच असावी आणि तिच्या पोटात स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी व विशेषण असे तीन विभाग असावेत. छाती हा मराठीत न आलेला अर्थ व्युत्पत्तीत प्रथम द्यावा. तो वगळल्यास उरलेल्या अर्थांची साखळी जुळत नाही.