कालवड की खोंड?

गाय व्याली, की घरधनी पहिला प्रश्न विचारतो : कालवड की खोंड? कवठे महांकाळसारख्या दुष्काळी मुलखात हा प्रश्न हौसेचा नव्हे. संकरित खोंड दूध देत नाही, औतालाही फारसा उपयोगी पडत नाही. मग विकतच्या वैरणीवर तो पोसायचा कसा? आता या प्रश्नाचे उत्तर गाय भरवण्यापूर्वीच बहुतांशी ठरवता येते. ते काम एक रंग करतो. कसे, ते पाहू.

आधी एक सोपा प्रयोग. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून दाखवावा. सांगलीची चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या, आणि अंधारात नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. द्रव हिरवट-पिवळा उजळेल. डोळ्यांना न दिसणारे किरण घेऊन दिसणारा प्रकाश देणे, या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. तीच हळद पाण्यात कालवली, तर चमक फारच मंद. म्हणजे रंग कोणाच्या संगतीत आहे, यावर त्याचे तेज ठरते.

आता गोठ्याकडे वळू. आनुवंशिक गुणांचा मजकूर पेशीत डीएनए या रेणूत साठवलेला असतो. हा रेणू पिळाच्या दोरीसारखा असल्याचे वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 साली मांडले. 'होक्स्ट 33342' नावाचा रंग या पिळाच्या खाचेत जाऊन बसतो. एकटा असताना तो मंद. खाचेत बसला, की निळा झळकतो. शिवाय तो जिवंत पेशीतही शिरतो.

वळूच्या वीर्यात दोन प्रकारचे शुक्राणू असतात. एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूपासून कालवड होते, वाय गुणसूत्राच्या शुक्राणूपासून खोंड. एक्स आकाराने मोठे, म्हणून त्या शुक्राणूत डीएनए सुमारे 3.8 टक्के जास्त. डीएनए जास्त, म्हणून रंग जास्त. रंग जास्त, म्हणून चमक जास्त. शुक्राणू एकेक करून लेसर किरणापुढून जातात, यंत्र चमक मोजते आणि निवड करते. अमेरिकेत लॉरेन्स जॉन्सन यांच्या प्रयोगशाळेने 1989 साली अशा निवडीतून सशांची पिल्ले जन्माला आणली. 2010 नंतरच्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, भिलवडीला, अशी निवड करणारी प्रयोगशाळा उभी राहिली.

अशा कांडीने शंभर गायी व्याल्या, तर सुमारे नव्वद कालवडी मिळतात. मात्र कांडीत शुक्राणू थोडे असतात आणि निवडीत त्यांना बरेच सोसावे लागते; त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण काहीसे घटते. म्हणून जनावर निरोगी हवे आणि माजाची वेळ नेमकी साधायला हवी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गायीच्या बीजात नेहमी एक्सच असते. नर की मादी हे वळूकडून ठरते. माणसांतही तोच नियम आहे. मग मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावण्यात काय अर्थ? माणसांत अशी निवड करण्यास 1994 च्या कायद्याने, 2003 च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीही, बंदी आहे. गोठ्यातली निवड गोठ्यातच राहू द्या. घरात लेक आली, तर पेढे वाटा.