समुद्रातील पहिले प्राणी-गवंडी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील जुन्या घरांच्या पायाखाली दोन काळांचे दगड आहेत. जमिनीतला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, तर वरची शहाबादी फरशी त्याहून कितीतरी प्राचीन, कँब्रियनपूर्व समुद्रात साचलेल्या चुनखडकाची. त्या समुद्रात शंख-शिंपले नव्हते, प्रवाळही नव्हते. चुन्याचे थर रचण्याचे काम तेव्हा सूक्ष्मजीवच करीत. कर्नाटकातील कलादगी परिसराच्या चुनखडकात त्यांच्या वळ्यावळ्यांच्या खुणा आजही दिसतात.

फरशी आणि पाषाण यांच्या वयांतील या प्रचंड अंतरातच समुद्रात भित्ती बांधणारे पहिले प्राणी होऊन गेले. त्यांचे नाव आर्किओसायाथ, म्हणजे ‘प्राचीन पेला’. सुमारे साडेबावन्न कोटी वर्षांपूर्वी ते सैबेरियात अवतरले आणि ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, मोरोक्कोपर्यंत पसरले. चुन्याच्या दोन सच्छिद्र भिंतींचा, एकात एक बसवलेल्या पेल्यांसारखा त्यांचा सांगाडा बहुधा काही सेंटीमीटरचाच असे. छिद्रांतून पाणी आत घ्यायचे, अन्नकण गाळायचे आणि वरच्या तोंडातून पाणी बाहेर सोडायचे, हा त्यांचा जीवनक्रम. सूक्ष्मजीवांनी साठवलेला चुना या पेल्यांना सांधत गेला आणि भित्ती उभ्या राहिल्या.

लॅब्राडॉरच्या खडकांतील अवशेषांवरून 1861 मध्ये त्यांचे नामकरण झाले. स्पंजांच्या शरीरातील नेहमीचे काटे त्यांच्यात नसल्याने ते प्रवाळ की स्वतंत्र वंश, हा वाद शतकभर रंगला. पुढे काटे नसलेले, पण चुन्याचा सांगाडा असलेले जिवंत स्पंज सागरी गुहांत सापडले आणि आर्किओसायाथांना स्पंजांत स्थान मिळाले.

मात्र सुमारे एक्कावन्न कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या भित्ती कोसळल्या. उथळ समुद्रातील प्राणवायू घटणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यानंतर काही कोटी वर्षे हे काम पुन्हा मुख्यतः सूक्ष्मजीवांकडेच गेले.

हा इतिहास कोल्हापूरकरांपासून दूर नाही. सुट्टीत ते जातात त्या मालवणच्या समुद्रात, 1987 मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात, प्रवाळ आहेत. तापत्या समुद्रामुळे 2023 पासून जगभर प्रवाळांचे विरंजन झाले. सागरी भित्ती निसर्ग पुन्हा उभारतो हे खरे. पण त्याचे वेळापत्रक माणसाच्या पिढ्यांत मोजता येत नाही.