‘वाडा चिरेबंदी’ बसवायचं ठरलं, तर

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ 1985 मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनात रंगभूमीवर आलं. आपल्या हौशी संस्थेला ते करायचं असेल, तर तालमीची तारीख ठरवण्याआधी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी. संहितेला, म्हणजे नाटकाच्या लिखित मजकुराला, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना, तेही पाहावं. नाट्यगृह ठरल्यावर या कागदांसाठी धावपळ झाली, की तालमीवरचं लक्ष उडतं.

मग वाचन. भूमिका वाटण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून पूर्ण नाटक वाचावं. नाटकातल्या घरात वडील गेलेत, मुंबईहून मुलगा-सून सुधीर-अंजली आलेत, आणि दिवसांचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न घरात घुटमळतो आहे. कोण कुणाशी मोकळं बोलतं, कुणाची नजर टाळतं, हे वाचतानाच टिपून ठेवावं.

पात्रनिवडीत हमखास चूक होते: चांगले नट मोठ्या भूमिकांना आणि उरलेले आई आणि तिची मुलं चंदू, प्रभा यांना. हे घर उभं राहतं ते कमी बोलणाऱ्यांवर. दुसरा बोलत असताना ऐकत राहणारा नट त्यांच्यासाठी शोधावा.

वैदर्भी बोलीला घाबरू नये, पण हशा मिळतो म्हणून ती ताणूही नये. त्या भागातलं कुणी ओळखीचं असेल, तर दोन-तीन तालमींना आवर्जून बसवावं.

आता हालचाली. अंगणातला बंद पडलेला ट्रॅक्टर प्रेक्षकांना दिसणार नसेल, तर त्याची जागा पहिल्याच दिवशी नक्की करावी. एक नट उजव्या विंगेकडे पाहून त्याच्याबद्दल बोलला आणि दुसरा डावीकडे, तर अंगणच नाहीसं होतं.

घरातली थोरली सून, वहिनी, दागिने अंगावर घालते, तो प्रवेश सर्वांत जपावा. दागिने, निदान तितक्याच वजनाचे खोटे, सुरुवातीपासून तालमीत हवेत. फासा अडकतो, पाटल्या मनगटावरून सरकत नाहीत, हात थांबतो. ऐन प्रयोगात पहिल्यांदा हाताळले, तर नटीचं सगळं लक्ष फाशात जातं आणि त्या बाईची हौस दिसायची राहून जाते.

रंगीत तालीम, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, प्रकाशयोजनेसह होणारी शेवटची तालीम, शक्यतो त्याच नाट्यगृहात करावी. एकाला शेवटच्या रांगेत बसवावं. ऐकू जात नाही म्हटलं की नट ओरडतात, आणि घरातलं बोलणं भाषण होतं. आवाज चढवण्याआधी शब्द सुटे करायला सांगावं. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.